वेग माझाच आहे

काय म्हणाली ती? रॅम टाका म्हणाली ना? — सांगा हो, संकोच कसला. खरं तर विचारायचीही गरज नाही, तिच्या तोंडून दुसरं काही निघतच नाही. कुणी म्हणालं माझं डोकं दुखतंय, तरी आमची ताई म्हणेल रॅम टाका. ठेवा, इकडे टेबलावर ठेवा — असं नको, पाठ माझ्याकडे करा — मशीनची हो, तुमची नाही. बसा त्या स्टुलावर. एक पाय जरा लटका आहे त्याचा, डावीकडे कललात तर पडाल, बाकी काही नाही. — हळू बोलू? का म्हणून हळू बोलू? माझं दुकान आहे. तिला ऐकू जातंय तर जाऊ दे की. ही भिंत नाहीये पाटीवाले, प्लायवुड आहे, तेही पातळ, आणि मीच ठोकलंय, तेव्हा त्यातून काय ऐकू जातं नि काय नाही हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? साधी शिंक आली तरी कळते. मी मुद्दामच मोठ्यानं बोलतोय. पलीकडच्यांनीही ऐकावं एकदाचं, शेवटचं.

शेवटचं म्हणजे — आज जातेय ना ती. तुम्हाला म्हणाली असेलच, म्हणून तर तुम्हाला इकडे पाठवलं, मी दुकान बंद केलंय, शेजारी जा. शेजारी म्हणाली का भावाकडे म्हणाली? — शेजारी. बघा. तो आवाज येतोय ना, चर्र, चर्र — चिकटपट्टी आहे ती. सकाळपासून खोकी बांधतेय. दुपारी भाची गाडी घेऊन येईल, खोकी चढतील, ताई चढेल, आणि पलीकडे कुलूप. कायमचं. — मला कशाला सांगेल? आम्ही बोलत नाही. हे पार्टिशन उभं राहिल्यापासून एक शब्द नाही. भाचीचा फोन आला होता. मामा, म्हणाली, आईला आता बारीक दिसत नाही, सोल्डरिंगला बसली की हात थरथरतो, मी तिला माझ्याकडे नेतेय, जाण्याआधी तू एकदा बोल तिच्याशी. मी म्हटलं, तिलाही तोंड आहे, बोलायचं असेल तर ती बोलेल, दर वेळी धाकट्यानंच का नमतं घ्यायचं? तर म्हणते कशी, मामा, दर वेळी म्हणजे कधी? — आईवर गेलीये पोरगी, शब्द पकडते. पण मी तुम्हाला सांगून ठेवतो, मी जाणार नाही. गाडी सुरू झाली तरी इथून हलणार नाही. उंबरा ओलांडायचाच असेल तर तिनं ओलांडावा, पाय काही मोडलेला नाही तिचा. हं, काढा ती पिशवी. वायर आणलीत का?

थांबा, लावू नका अजून. आधी आपला प्लग तपासायचा. बाबांची शिस्त आहे ही — गिऱ्हाइकाचं मशीन लावण्याआधी आपलं व्होल्टेज बघायचं, उगाच आपल्या घरच्या दोषाचं खापर पाहुण्याच्या डोक्यावर नको. बाबा रेडिओ दुरुस्त करायचे, इथेच, तेव्हा ही एकच खोली होती. आता बघा हं, गंमत दाखवतो. इथे, प्लायवर, एकदाच ठोकायचं, जोरात नाही. — हे बघा, आलं. दचकलात? हात आहे तो, ताईचा. हे भोक मी विजेच्या वायरीसाठी ठेवलं होतं, त्यातून हे व्होल्टेज मोजायचं मीटर येतं. काय झालं, आम्ही सगळं वाटून घेतलं. टेबलं, पेचकस, कपाट, स्टुलं — हे लटकं माझ्या वाट्याला आलं. पाटीसुद्धा वाटली, ती तर तुम्हीच कापून दिलीत. 'बहीण-भाऊ कॉम्प्युटर'. मधोमध करवत. तुम्ही विचारलंत का हो कापताय, चांगली पाटी आहे, आणि मी म्हणालो जागा कमी पडतेय. — खोटं नव्हतं ते. कमीच पडत होती. आता तिच्या दारावर नुसतं 'बहीण' आणि माझ्या दारावर 'भाऊ कॉम्प्युटर'. नवं गिऱ्हाईक तिच्या दारात उभं राहून विचारतं, इथं काय मिळतं. पण बाबांचं मीटर एकच होतं, ते काही कापता येईना. मग हे असं. मी ठोकलं की ती सारते, ती ठोकते तेव्हा मी सारतो, काम झालं की परत. शब्द लागत नाही. — प्लग ठीक आहे. हे गेलं परत.

काय? — ठेवून का नाही घेतलं? नियम म्हणजे नियम, काम झालं की परत. — हो, ती आज जातेय हे मला माहितीये, मीच सांगितलं तुम्हाला. मीटर कोणाकडे राहणार ते ठरलेलं नाही. लागलं तर पुन्हा ठोकीन. लागेलच. एका मशीनला एकदाच मीटर लागतं असं थोडंच आहे? तुम्ही पाट्या करा हो, मीटरचं मी बघतो.

लावा आता. हं. — हं. — घरी पण असंच करतं? चालू करून चहा टाकायचा, चहा पिऊन कप विसळायचा, तेव्हा कुठे चित्र उमटतं? — आणि तरी तुम्ही नवं घेत नाही, कारण तुमचं ते पाट्या कापायचं यंत्र नव्या कॉम्प्युटरशी बोलत नाही, त्याला हाच जुना लागतो. एकेकाचा हट्ट असतो. पण पूर्वी कसं पळायचं हे, आठवतंय ना? माझ्या हातचं मशीन आहे. तेव्हा आम्ही एकत्र होतो. तुम्ही घेऊन आलात, ताईनं एकदा बघितलं आणि म्हणाली, रॅम टाकू. मी म्हटलं, थांब, काही टाकायचं नाही, मी याला आहे तसंच पळवतो. ओव्हरक्लॉक. कंपनी प्रोसेसरवर जो वेग छापते ना, तो घाबरटांचा वेग असतो पाटीवाले, उद्या कोणी तक्रार घेऊन येऊ नये म्हणून आधीच कमी सांगून ठेवलेला. ताकद आत असतेच. मशीन चालू होताना आत शिरायचं, निळा पडदा येतो, तिथला आकडा वाढवायचा — थोडा — टिकलं की आणखी थोडा — अडकलं की एक पाऊल मागे. बस. काही विकत आणायचं नाही, काही बसवायचं नाही. जे आहे त्याला म्हणायचं, चल, ऊठ, तुझ्यात आहे ते.

ताईचं म्हणणं वेगळं. ती म्हणते प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारा आणि रॅम म्हणजे ओटा. ओटा लहान असला की माणूस कितीही चपळ असू दे, तो सारखा आतल्या खोलीत जाऊन फळीवरचे डबे आणणार, वापरणार, परत नेऊन ठेवणार, त्याचा सगळा जीव येरझाऱ्यांत जाणार. फळी म्हणजे हार्ड डिस्क. ओटा मोठा करून द्या, माणूस आपोआप जलद होतो. — पटलं तुम्हाला? पटतंच. सगळ्यांना पटतं. सांगतेच ती तशी, समजुतीच्या सुरात, जणू समोरचा आजारी आहे. मी म्हणतो, घोड्याला तबेला मोठा बांधून दिला म्हणून घोडा पळतो का? आडवा होतो तो. घोड्याला टाच मारावी लागते. — दमतो? दमू दे की. उभ्या उभ्या म्हातारं होण्यापेक्षा दमलेलं बरं. मला लहानपणापासून एकच मंत्र ऐकवलाय या बाईनं, हळू. हळू जेव, हळू चाल, जिना हळू उतर. आई लवकर गेली आमची, मग हीच आई. ही स्वतः एवढीशी, फ्रॉकातली, आणि आई. मी रस्त्यावर पळत सुटलो की मागे वळून बघायचीही गरज नसायची, येतेच आहे मागून, हातात पाण्याचा तांब्या आणि चिंधी, कारण हा पडणार हे हिनं धरलेलंच. — नाही, पकडायची नाही कधी. पकडता आलं असतं, पाय लांब होते तिचे. मागून यायची. पण माणसाला वैताग येतो ना हो, आपण पळतोय आणि मागून कोणीतरी चिंधी घेऊन येतंय. तुम्हाला बहीण आहे? — नाही ना? मग तुम्हाला नाही कळायचं.

त्या लाल दिव्याकडे बघू नका. — तोच, पुढचा. सारखा पेटलाय म्हणजे काही नाही, डिस्क चालू आहे, चालू असल्यावर दिवा पेटणारच. — सारखा पेटलेला चांगला का वाईट? तुम्ही काय आज परीक्षा घ्यायला आलात का? — बरं, सांगतो. खोटं बोलणार नाही, धंद्यात खोटं बोलत नाही मी. जरा पुढे या. आणखी पुढे. — दिवा असा विझायचं नावच घेत नाही, म्हणजे येरझाऱ्या चालल्यात. फळीवरचे डबे. ओटा भरलाय. — मोठ्यानं काय बोलताय, तुम्ही हळू बोला ना. मी? मी मघाशी मोठ्यानं बोलत होतो, ती गोष्ट वेगळी. — हल्ली फोनवरचे फोटो चढवता त्यात, असे मोठेमोठे? — दाराच्या पाटीवर नातवंडांचे फोटो? लोकांना पाटीत मावत नाही इतकं प्रेम असतं, काय बोलणार. तर काम वाढलंय म्हणायचं, यंत्राचा दोष नाही. थांबा, या दिव्यावर चिकटपट्टी लावतो. चिकटपट्टी काही एकट्या तिच्याकडेच नाही. — हं. गेला दिवा. आता बोला.

मी काय करतो, बंद करून आधी झाकण काढतो, पंख्यातली धूळ उडवू, मग याला आणखी एक टाच. मी हार मानत नसतो. अहो, इतकी वर्षं हे मशीन कशावर पळालं? माझ्या एका आकड्यावर. तुम्हीच सांगता ना सगळ्या बाजारभर, भाऊनं एकदा हात लावला, परत बघावं लागलं नाही? — सांगता, मला कळतं, लोक येऊन सांगतात. मी तर कोणी ओव्हरक्लॉकला नावं ठेवली की तुमचंच उदाहरण देतो, म्हणतो जा, पाटीवाल्यांना विचारा. — पेचकस द्या तो. नाही, पिवळा. स्क्रू तीनच आहेत मागे. मी चारही लावतो, कधी चुकत नाही, चौथा कुठे गेला? — असू दे. निघालं. केवढी धूळ हो ही, पाट्यांचा भुसा आहे सगळा. जरा तोंड फिरवा, फुंकर मारतो.

— काही नाही.

काही नाही म्हटलं ना. धूळ गेली डोळ्यात. — पाटीवाले, माझ्यानंतर हे कोणी उघडलं होतं? — आठवा. — ताई? कधी? — मी करून दिलं त्याच्यानंतर लगेच? का बरं? — अडकायचं? दुपारी अडकायचं? मला का नाही सांगितलंत? — तिनं सांगितलं सांगू नका म्हणून? — धूळ काढायला आलेय म्हणाली. आणि धूळ काढून गेली, आणि मग कधी अडकलं नाही, आणि तुम्हाला वाटलं आपोआप सुटलं. पाटीवाले, आपोआप फक्त दूध उतू जातं. — टेबलाला काय केलं? — मागच्या फळीला भोकं? गिरमिटानं? तिनं स्वतः? आणि तुम्ही विचारलंही नाहीत की बाई, धूळ काढायला आलात आणि माझ्या टेबलाला भोकं का पाडताय? — वारा खेळायला. असं म्हणाली. बरोबर.

इकडे या. हात लावू नका, नुसतं बघा. या दोन पट्ट्या दिसतात उभ्या? ही रॅम. आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात हा लाल ठिपका. नेलपॉलिश आहे. नखांना कधी लावत नाही ती, पण बाटली टेबलावर असते, संपली की नवी. तिनं बसवलेल्या प्रत्येक वस्तूवर हा ठिपका पडतो. म्हणजे उद्या काही झालं, मशीन परत आलं, तर वाद नको — ठिपका आहे ना, मग माझी, जबाबदारी माझी, इकडे द्या. असा नियम. तिचा नियम आहे तो, माझा नाही, मी ठिपके लावत बसत नाही. — आणि हे माझं मशीन होतं. मी ज्याचं उदाहरण देतो ते.

— चिकटपट्टीचा आवाज थांबला का हो? — संपली असेल गुंडाळी.

तुम्ही विचारलंत ना तेव्हा पाटी का कापताय? ऐका मग. फोटोवाला आहे ना तो चौकातला, त्याचं मशीन मी असंच पळवलं होतं. खूश होता गडी. पुढे कधीतरी त्याचा पंखा गेला म्हणून आलं, मी उघडलं, आणि आत ठिपका. माझ्या मशीनच्या पोटात हिचा ठिपका, आणि मला पत्ता नाही. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं तू माझ्या मागून जाऊन माझी मशीनं निस्तरतेस? लोक माझं नाव घेतात आणि तू मनात हसतेस? ती एवढंच म्हणाली, तू ते चालू करून तरी बघ. मी म्हटलं मला काही बघायचं नाही. हे तीनदा म्हणाली ती, चालू करून तरी बघ. मी गेलो आणि प्लायवुड घेऊन आलो. — बरोबरच केलं. आजही म्हणतो बरोबर केलं. ज्याला त्याला आपल्या मशीनचा मालक राहू द्यावं. आणि मी स्वतःला सांगत आलो, एकच. एकट्या फोटोवाल्याचंच केलं तिनं, बाकीची सगळी माझ्या आकड्यावर पळतायत. तुमचं तर नक्कीच. आता तुमच्यातही दोन ठिपके आहेत, तर बाकीच्यांत काय असेल, सांगा. सगळ्या बाजारात ठिपके असतील. गोवर आल्यासारखे.

काय बघू? — चालू करून? तुम्ही पण तेच म्हणा. बघायचं काय त्यात, मला न बघता दिसतंय. रॅम टाकली, आणि माझा आकडा पुसून खाली आणला, कंपनीच्या आकड्यावर, घाबरटांच्या. दोन कळा दाबल्या की होतं ते. म्हणजे इतकी वर्षं पळत होतं ते तिच्या ओट्यावर, आणि नाव माझं, भीक घातल्यासारखं. हे बघायला मला निळा पडदा लागत नाही. — बरं, बघा. बघा तुम्हीच. लावा वायर. मी ही कळ दाबून धरतो. तुम्ही वाचा, मी नाही बघत. वरून चौथी ओळ. — काय आहे? — पुन्हा वाचा. — सरका. सरका जरा.

— हा माझा आकडा आहे.

माझाच आहे हा. तसाच. एक पाऊलसुद्धा मागे नाही. बघा, बघा म्हणत होतो ना मी, टाच लागते म्हणून. ऐकू जातंय का पलीकडे? वेग माझाच आहे. कोणी पुसलेला नाही. इतकी वर्षं माझ्याच वेगानं पळालंय हे मशीन, त्याला कोणी हळू केलेलं नाही. कोणी...

तुम्हाला कळतंय का यात काय आहे ते? नाही कळायचं. या जुन्या मशीनमध्ये प्रोसेसर पळवला की रॅमलाही त्याच्याबरोबर पळावं लागतं, बांधलेलंच असतं तसं. तुमच्या मूळ पट्ट्यांना ते झेपत नव्हतं, म्हणून अडकायचं. — मला माहीत नव्हतं? मला माहीत होतं. मी तपासलं होतं. इथे. झाकण उघडं ठेवून, वरून टेबलफॅन लावून. तसं सगळंच पळतं. पुढे ते तुमच्या टेबलाच्या पोटात, बंद, उन्हाच्या बाजूला. आम्ही लोक झाकण लावून कधी तपासत नाही, ही खोड आहे आमच्या धंद्याची, माझ्या एकट्याची नाही. आणि हिला काय करायचं होतं? आकडा खाली आणायचा, संपलं, घरी जायचं. ते सोडून ही बाई माझ्या वेगाला पुरतील अशा पट्ट्या शोधत फिरली. त्या सहज मिळत नसत, तेव्हाही नसत. आणि वर गिरमिट घेऊन तुमच्या टेबलाखाली शिरली. फोटोवाल्याकडेही हेच केलं असणार. म्हणजे मी आपला पळतोय, आणि ही मागून...

नाही, मी चुकलो असं म्हणत नाहीये. लक्षात ठेवा, बाहेर जाऊन भलतंच सांगाल. तिनं सांगायला हवं होतं. तोंड आहे ना? — सांगितलं होतं म्हणा. चालू करून तरी बघ म्हणाली होती. पण अशानं कोणाला कळतं का? स्पष्ट बोलावं माणसानं, की बाबा रे, तुझा आकडा मी हलवला नाहीये. — मी ऐकून घेतलं असतं? घेतलं असतं. कदाचित त्या दिवशी नसतं घेतलं. दुसऱ्या दिवशी घेतलं असतं. पण दुसऱ्या दिवशी पार्टिशन होतं.

तुमचं काम राहिलं बाजूला. तर ऐका, आणखी टाच मारून उपयोग नाही आता, याच्याहून वर जाणार नाही हे. ओटाच मोठा हवा. — हो, म्हणालो. म्हणालो, रॅम हवी. ती म्हणाली तेच. वेग माझा, रॅम तिची, दोन्ही हवं, झालं समाधान? दोनच खोबणी आहेत आणि दोन्ही भरलेल्या, तेव्हा या काढून मोठ्या पट्ट्या बसवायच्या. पण अशा जुन्या पट्ट्या आता कोणी ठेवत नाही. तिच्याकडे असतील. कुठल्यातरी खोक्यात, तळाशी, चिकटपट्टीखाली. — मागू? मी नाही मागणार. मीटर मागीन. मीटर हक्काचं आहे, ते मागायला काही लाज नाही. — कशाला म्हणजे? मशीनला लागेल. सांगितलं होतं ना मघाशी, परत लागेल म्हणून.

ठोकलं.

— येईल. येतंच. खोकी आडवी आली असतील.

— हॉर्न होता ना तो? भाचीच. वळणावरून वाजवत येते ती, ड्रायव्हिंगही आईसारखंच आहे. लवकर आली. दुपारी म्हणाली होती. — मी दोनदा कधी ठोकलेलं नाही आजवर. एकदाच ठोकायचं असं आहे आमचं. — गप्प बसा, मी ठोकतोय पुन्हा. — आणि हे घ्या, पुन्हा.

ऐका. — चर्र. पण हा बांधल्याचा आवाज नाही, हा उलटा आहे. फाडतेय. खोकं फाडतेय ती. — आणखी एक फाडलं. काय शोधते एवढं, मीटर तर बाहेरच असणार, मघाशीच तर — श्श.

आलं. — हे काय बांधलंय मीटरला? रबर लावून. सोडू द्या. — हं. पट्ट्या आहेत. दोन. मोठ्या. सगळं ऐकलं म्हणजे पहिल्यापासून, घोडा, तबेला, फ्रॉक, सगळं. ऐकू दे. ऐकावं म्हणूनच बोलत होतो. — हे काय लागलं बोटाला? ओला आहे. ठिपका ओला आहे हो, आत्ता लावलाय, तिरका गेलाय जरा, दिसत नाही तिला.

— ताई.

ताई, हा ठिपका लावलायस तू. ठिपका म्हणजे परत आलं तर जबाबदारी तुझी, नियम तुझाच आहे, मी केलेला नाही. मग निघालीस कुठे? उद्या हे मशीन परत आलं तर कोणी बघायचं? कोणाच्या दारात जायचं या माणसानं? — तुम्ही नाही हो, तुम्ही कुठे बोललात. तुम्ही उठा आता. मशीन राहू दे इथेच, उद्या या. मी उंबरा ओलांडलेला नाही, हे तुम्ही बघितलंय, कोणी विचारलं तर सांगा. आणि बाहेर भाची असेल, तिला म्हणावं खोकी उचलू नकोस इतक्यात. जा. दार ओढून घ्या. आम्हाला बोलायचंय.